सरूबाईला वाचून दाखवलेलं पान

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. चर्चच्या पाळकसाहेबांजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. आणि खरं सांगू? प्रार्थनेतसुद्धा मी तिच्या कडेकडेनेच गेले आहे. ‘माझी सगळी पापं क्षमा कर’ असं मोघम म्हणून टाकायचं, म्हणजे त्यात हेही येऊन जातं! शाळेत मुलींच्या मोघम उत्तराला मी सरळ शून्य देत असे. तेव्हा निदान इथे तरी नीट लिहिते.

तुम्ही म्हणाल, बाई, असा कोणता दरोडा घातलात? दरोडा नाही. एका पुस्तिकेतलं एक पान मी काढलं, एवढंच. — नाही, एवढंच नाही. पान काढलं हा त्यातला लहानसा भाग. पण थांबा, आधी माणसं सांगते, नाहीतर माझी गाडी भलतीकडेच जाईल.

मी नागपुरात एका मिशन शाळेत मराठी शिकवत होते. सरूबाई तिथे आया होती. झाडलोट, घंटा, पाणी भरणं, सगळं तिच्याकडे. आम्ही दोघी एकाच चर्चच्या. ती रोज माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या आणून ठेवी, आणि मी माझ्या हिंदू मैत्रिणींना तोऱ्यात सांगे की बघा, आमच्यात जातपात उरलेली नाही, मी सरूबाईच्या हातचं पाणी पिते. केवढा तो तोरा! पाणी भरायची ती आणि प्यायची मी, हे मला मेलीला तेव्हा दिसत नव्हतं.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. आमच्या चर्चची जुबिली आली आणि मंडळीचा, म्हणजे आम्हा चर्चवाल्यांचा, इतिहास छापायचं ठरलं. तो लिहायला मला सांगितलं. माझं अक्षर चांगलं, भाषा चांगली, आणि माझे आजोबा चर्चचा कारभार पाहणाऱ्या पहिल्या पंचांपैकी. मी फुगले, खोटं कशाला बोलू?

हे कळल्यावर सरूबाई माझ्याकडे आली. तिला अक्षरओळख नव्हती, पण तिच्यापाशी एक गोष्ट होती, आणि ती लिहावी असं तिचं म्हणणं होतं.

चर्चच्या भिंती तिच्या बापाने बांधल्या होत्या. दौलत मिस्त्री त्याचं नाव. त्या काळी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला — येशूच्या आठवणीत भाकर खाऊन एकाच प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावायचा विधी तो — दोन प्याले असत. एक वरच्या जातींतून आलेल्या घरांसाठी, दुसरा महारवस्तीतून आलेल्यांसाठी. द्राक्षारस एकाच बाटलीतला, प्रार्थना एकच, आणि प्याले दोन! एका रविवारी दौलत मिस्त्री उठला, पुढे गेला आणि त्याने पहिल्या प्याल्यासाठी हात पुढे केला. प्याला धरलेल्या एका पंचांनी तो तळहाताने झाकला. दौलत परत जागेवर येऊन बसला. पण त्यानंतर दर प्रभुभोजनाला, प्याले फिरायच्या आधी, तो बायकोपोरांना घेऊन बाहेर जाई आणि लिंबाखाली उभा राही. शेवटचं गीत सुरू झालं की आत येई. अकरा वर्षं त्याने असं केलं. प्याले एक होण्याआधीच तो गेला. सरू तेव्हा लहान होती, पण लिंबाखाली बापाचा हात धरून उभं राहिलेलं तिला चांगलं आठवत होतं.

“माह्या बापानं प्याला सोडला बाई, प्रभूले नाही सोडलं,” ती म्हणे.

आणि तिला ते छापून का हवं होतं? तिचा चुलतभाऊ छप्पन साली दीक्षा घेऊन बौद्ध झाला होता. घरी आला की तो तिला डिवची — तुमच्या चर्चातबी दोन प्याले होते ना वं, मंग फरक काय पडला? चर्चने स्वतःच्या हाताने लिहून द्यावं की आपलं चुकलं, दौलत मिस्त्री खरा होता, म्हणजे भावाला दाखवता येईल. तिला मोठेपणा नको होता हो. तिला उत्तर हवं होतं.

मी तिला शब्द दिला. मग पंचांच्या सभांची जुनी वही काढून वाचायला बसले. दौलत मिस्त्रीने ‘आपली पायरी सोडल्याबद्दल’ त्याला समज देण्यात यावी, असं त्या वहीत लिहिलेलं होतं. प्याल्यावर हात ठेवणाऱ्या पंचांचं नावही होतं. ते माझे आजोबा. अक्षरही त्यांचंच. त्याच अक्षरावरून मी लहानपणी गिरवायला शिकले होते.

आता तुम्हाला वाटेल, ही आजोबांना वाईट ठरवणार. मला ते आजही जमत नाही. त्या माणसाने येशूसाठी जानवं काढलं, तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांचं जिवंतपणी क्रियाकर्म केलं. आई मेली तर तोंड पाहू दिलं नाही. एवढं सगळं ज्याने सोसलं, त्याला एका प्याल्याला ओठ लावणं जमू नये? कितीदा विचार केला मी. घरदार सोडता येतं, पण तोंडात बसलेली किळस सोडता येत नाही, असं काहीसं असेल का? मला मांडीवर घेऊन ते डाळिंब सोलून एकेक दाणा भरवत. तोच हात!

मी पाळकसाहेबांना वही दाखवली. ते वयाने लहान होते, माझ्या धाकट्या भावाएवढे. ते म्हणाले की दर रविवारी आपण आपापली पापं कबूल करतो, मग मंडळीची का नको? लिहा बाई. म्हणजे बघा, मला कुणी अडवलं नव्हतं. पंचमंडळाने नाही, पाळकांनी नाही. हे मुद्दाम सांगते आहे.

मी लिहिलं. चौथं पान. दौलत मिस्त्रीचं नाव लिहिलं, आजोबांचंही लिहिलं. ‘आम्ही या भावाचा अपराध केला’ असं लिहिलं. स्वतःच्या तोंडाने सांगते, आयुष्यात मी तेवढं चांगलं दुसरं काही लिहिलेलं नाही. ते मला आजही तोंडपाठ आहे. पाळकसाहेबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले. पुढच्याच महिन्यात त्यांची रामटेकच्या बाजूला बदली झाली.

मग मी रिक्षाने इतवारीतल्या छापखान्यात निघाले. भर दुपार, पुढे भांड्यांचे हातठेले अडकलेले, रिक्षा हलेना. मांडीवर कागदांची फाइल. आणि बसल्याबसल्या माझ्या डोळ्यांपुढे एकेक जण ते पान वाचायला लागला. माझी बहीण. तिच्या सासरची माणसं. शाळेतल्या शिक्षिका. ‘पंचांची नात’ म्हणून ज्या मला पुढच्या बाकावर जागा करून देत, त्या सगळ्या. मी फाइल उघडली, चौथं पान काढलं आणि घडी घालून पर्समध्ये टाकलं. कुणी धमकावलं नाही, कुणी हात धरला नाही. छापखान्याच्या टेबलाशी उभ्याउभ्या मी त्या जागी दुसरा मजकूर लिहून दिला — छपराची कौलं कुठून आली, आणि आजोबांनी धर्मासाठी केवढा त्याग केला. घरी येऊन मूळ पान चुलीत घातलं. त्यावर दूधही तापवलं मी. ते दूध प्यायलेही.

इथवर भित्रेपणा झाला. भित्रेपणाला माणूस समजून घेतो. पुढचं ऐका.

जुबिलीचा रविवार झाला, पुस्तिका वाटल्या गेल्या. सोमवारी मधल्या सुट्टीत सरूबाई आपली प्रत धुतलेल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. हात धुऊन आली होती, बोटं अजून ओली होती. म्हणाली, बापाचं वाचून दाखवा.

तेव्हा मी काय करायला हवं होतं? ‘सरूबाई, मी ते काढलं’ — एवढे चार शब्द. ती रडली असती, रागावली असती, शाळेत तांब्या आपटला असता. तो तिचा हक्क होता. मी पुस्तिका उघडली. समोर कौलांचा मजकूर होता. त्याच्यावर नजर ठेवून मी जळलेलं पान सगळंच्या सगळं म्हणून दाखवलं. कुठेही अडखळले नाही. मुलींपुढे पाठ म्हणून दाखवायची सवय ना! ती उभी राहून ऐकत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. ‘आम्ही या भावाचा अपराध केला’ हे तिने मला तीनदा म्हणायला लावलं.

मग तिने विचारलं, नाव कुठं आहे? तिला बोट ठेवून पाहायचं होतं. मी तिचं बोट धरलं आणि पानावर ज्या एका नावावर माझी नजर पडली, त्यावर टेकवलं. ते माझ्या आजोबांचं नाव होतं. तिने त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगितली. मी मारली. तिने वाकून त्या नावाचा मुका घेतला.

असो. पुढे.

दीड वर्ष सरूबाई ती पुस्तिका मिरवत होती. चुलतभावाला दाखवली. त्याला तरी कुठे वाचता येत होतं? पण छापलेलं पाहून तो गप्प झाला, असं ती मला आनंदाने सांगत आली. मी म्हटलं, छान झालं. मग तिच्या मुलाचं लग्न झालं. सून आली, कमल, मॅट्रिक झालेली, चुणचुणीत. आणि चर्चमध्ये हंगामाचा सण होता, अर्पण म्हणून आलेल्या भाजीपाल्याचा लिलाव आटोपून आम्ही बायका चहा घेत होतो, तेव्हा सरूबाईने सर्वांसमोर सुनेच्या हातात पुस्तिका दिली. वाच वं, तुह्या आजेसासऱ्याचं.

कमलने वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाली, आत्याबाई, याच्यात तर कौलांचं आहे. अन् रेघ मारलेलं नाव बाईंच्या आजोबांचं आहे.

कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणी म्हणालं, म्हातारीले भास होऊन राहिले. सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या, कारण लिहिणारी मी. अजूनही वेळ गेली नव्हती, नाही का? देवाने दुसऱ्यांदा दार उघडून दिलं होतं. आणि मी — मी हसले. कसं हसले ते मला माहीत आहे, वर्गात एखादी मुलगी चुकली की मी तसंच हसत असे. म्हटलं, “सरूबाई, मी तुम्हाला ते तोंडी सांगितलं होतं हो. छापलेलं नव्हतं. तुमचा घोटाळा झाला.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बराच वेळ पाहिलं. त्या पाहण्यात तिला सगळं कळलं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही. आणि मग ती सुनेकडे वळून म्हणाली, “हो वं. मीच भुलली. बाई काहून खोटं बोलतीन?”

तिने मला वाचवलं. चारचौघींत स्वतःला वेडी ठरवून घेतलं आणि मला वाचवलं. मी काय केलं? चहाचा कप पुढे केला, म्हटलं अजून थोडा द्या.

त्यानंतर सरूबाईने बापाची गोष्ट सांगणं बंद केलं. कुणी काढलीच तर म्हणे, जाऊ द्या, मलेच नीट आठवत नाही. आठवत कसं नाही! अकरा वर्षं जो माणूस उन्हापावसात उभा राहिला, त्याची उरलेली एकुलती एक साक्षीदार मी गप्प केली. आजोबांनी फक्त प्याला झाकला होता. आणि त्यांच्या वेळी निदान दौलत मिस्त्रीला बाहेर जाऊन उभं राहता आलं. सरूबाईला मी तेवढीही जागा ठेवली नाही.

ती चार वर्षं जगली. दर रविवारी भेटली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. सभांची ती जुनी वही चर्चच्या कपाटात वाळवीने खाल्ली. कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

शेवटी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा मी भेटायला गेले. मोसंबी नेली होती. कमल चहा टाकायला आत गेली. खोलीत आम्ही दोघीच. सरूबाईने उशाखालून ती पुस्तिका काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, “बाई, ते तुमी वाचलं होतं ना... एकडाव अजून वाचा.”

तिला ठाऊक होतं की त्यात ते नाही. तिला फक्त ऐकायचं होतं. कुणी ऐकणारं नव्हतं, कुणी हसणारं नव्हतं. मला तोंडपाठ होतं, सांगितलंच मघाशी. पाच मिनिटं लागली असती.

पण आत कमल होती. पातळ भिंत. तिने ऐकलं तर?

मी म्हटलं, आज चष्मा आणला नाही हो सरूबाई.

“असू द्या,” ती म्हणाली आणि पुस्तिका परत घेतली. गुरुवारी ती गेली.

चष्मा माझ्या पर्समध्येच होता.