तक्तपोशीतला दिवा

लोणावळ्याच्या घरात नवी वीज आली, तेव्हा मी हौसेने छताच्या लाकडी तक्तपोशीत सहा दिवे बसवून घेतले. त्यातला एक सारखा विझायचा. बसवणारा वायरमन शिडीखाली उभा राहून आधी मान हलवायचा. कधी दोष उंदरांचा, कधी ओलीचा, कधी मी बटण जोरात दाबतो त्याचा. तीन बल्ब बदलून झाले. चौथ्या खेपेला मी फळीच काढायला लावली. आत बराच वेळ पाहून तो म्हणाला, "भाऊ, तारंचा जोड ढिला ऱ्हायलाय. माझाच हाय."

सुटलो एकदाचा, असं वाटतंय तोच त्याने पुढच्या दिव्याची फळी काढली.

"अहो, तो चालू आहे."

"व्हय. पन जोड माझाच हाय."

संध्याकाळी सहाही दिवे बंद, आणि मी चडफडत त्याच्यासाठी कंदील धरून उभा.