सावळारामाचं गंजाशी हाडवैर

वेल्ह्याच्या पुढे डोंगराला पाठ लावून बसलेली एक वाडी आहे. पावसाळ्यात तिथे माणसांच्या अंगावर शेवाळ धरायचं तेवढं बाकी राहतं. कुलपं हट्टाला पेटतात, विळे नारिंगी होतात, खिळ्यांची माती होते. अशा गावात राहून सावळारामानं गंजाशी वैर पत्करलं होतं, आणि तेही एका जुन्या फियाटसाठी.

गाडी मुळात भोरच्या एका डॉक्टरांची, आणि सावळाराम त्यांचा ड्रायव्हर. म्हातारपणी डॉक्टर परदेशात लेकाकडे निघाले, तेव्हा किल्ली त्याच्या हातात ठेवून म्हणाले, "सावळाराम, चालव हिला. फक्त गंजू देऊ नकोस." यातलं पहिलं वाक्य सावळाराम तिथेच विसरला. दुसरं त्यानं काळजावर कोरून घेतलं.

तेव्हापासून त्या फियाटचे जे लाड सुरू झाले, ते भरल्या थिएटरातल्या नायिकेचेही झाले नसतील. बंपरला खोबरेल तेल, दिव्यांच्या कड्यांना व्हॅसलीन, बिजागऱ्यांना ग्रीस. पाणी वर्ज्य. धूळ टिपायची ती जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं, श्वास रोखून. गाडीजवळ कुणी शिंकलं, तर सावळाराम त्याच्याकडे असा बघे की बिचारा पुढची शिंक गिळून टाकी. अधूनमधून तो इंजिन सुरू करी, कान देऊन सूर ऐकी आणि बंद करी. रंग लावून, शालू नेसून विंगेत उभी असलेली ही नटी. तिसरी घंटा होई, पण एंट्री काही येत नसे. खुद्द सावळाराम बाजाराला जाई तो दुधाच्या टेम्पोत, किटल्यांच्या मधे अंग चोरून.

गाडीसाठी त्यानं घराशेजारी पत्र्याची शेड उभी केली. खाली कोबा कर, असं गवंडी म्हणाला, तेव्हा त्यानं कानांवर हात ठेवले. "लक्ष्मी हाय ती. लक्ष्मीला सिमिटावर उभी करत्यात व्हय?" म्हणून जमीन शेणानं सारवायची ठरली, दर शनिवारी, न चुकता. सारवायची अर्थातच बायकोनं. बाळाबाई ओणवी होऊन गाडीखाली हात पोचेल तिथवर सारवी, आणि नवरा वर बंपरला तेल चोळत उभा राही. गंज हा पावसासारखा वरूनच येतो, अशी सावळारामाची पक्की समजूत होती. कौलं राखत बसलेल्या माणसाला घूस कुठून आली ते कधी दिसत नाही.

बाळाबाईचं मागणं एकच होतं. माहेरी, भोंगवलीला, एकदा तरी या गाडीतून उतरायचं. पण पावसाळ्यात पाऊस आडवा येई, हिवाळ्यात दंव आणि उन्हाळ्यात घाम. "घामात मीठ असतं, अगं," सावळाराम समजावे, "सीटखालचा पत्रा खाईल ते."

माघात तिच्या भावाच्या, गेनबाच्या, नव्या घराची वास्तुशांत निघाली. भावजय सुलक्षणा हिचा फोन आला, आणि तिचा आवाज असा की मोबाईल नसता तरी वाडीला ऐकू गेला असता.

"वन्सं, यष्टीनंच येणार न्हवं? न्हाई, फाट्यावर कुणाला तरी मोटारसायकल घिऊन धाडाय बरं. गाडी दाजींनी देव्हाऱ्यात ठिवलीया म्हणं!"

बाळाबाईनं फोन ठेवला. "ऐकलंसा? आता जाईन तर गाडीतनं. न्हाईतर जायाचीच न्हाई."

"अगं, सकाळचं दंव..."

"मग दंवालाच घिऊन बसा. शनवारी सारवाय बी त्यालाच सांगा."

ही धमकी मात्र लागू पडली.

वास्तुशांतीच्या दिवशी ऊन चांगलं वर येऊ दिलं आणि मगच गाडी शेडबाहेर निघाली. बाळाबाई हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून मागच्या सीटवर बसली. आधी तिच्या चपलांची माती नवऱ्यानं स्वतः पुसून घेतली होती. नसरापूर गेलं, हायवे लागला. ट्रकवाले वाट देऊन बघू लागले आणि सावळारामाची मान आपोआप ताठ झाली. कापूरहोळला वळणाआधी एक गतिरोधक होता. गाडी त्यावर हळूच चढली, हळूच उतरली आणि पोटातून कर्रर्र असा आवाज आला.

"अवं, थांबा! माझं पाय रस्त्यावर हायती!"

"कायबी बोलू नगं. गाडीत बसलीयास तू."

"बसलीय गाडीतच! पाय रस्त्यावर हायती!"

खरोखरच होते. पायाखालचा पत्रा पापडासारखा मोडून गेला होता. नशिबानं गाडी थांबतच आली होती, त्यामुळे चपलेच्या टाचेवर निभावलं. समोरच सोमनाथचं पत्र्याच्या कामाचं गॅरेज होतं. तो येऊन गाडीखाली सरपटत गेला आणि खालूनच विचारता झाला, "मामा, हिला ठिवता कुठं?"

"कुठं मंजी? सारवलेल्या जमिनीवर. दर शनवारी सारवतो."

"तरीच! ओली भुई, वरनं शेड, हवा न्हाई. मामा, तुमची गाडी वरनं नवरी हाय, खालनं पिठाची चाळण."

सावळाराम गुडघे टेकून पहिल्यांदाच गाडीखाली बघायला वाकला. बोट लावलं तिथून तांबडे पोपडे गळले. तो तसाच रस्त्याच्या कडेला बसला. उभा जन्म पडदे इस्त्री करण्यात घालवावा आणि रंगमंचाची फळीच वाळवीनं खाल्लेली निघावी, तसा त्याचा चेहरा झाला.

"हितंच ठिवा," सोमनाथ म्हणाला. "पत्रा नवा बसवू, खालनं डांबरी रंग मारू. अशी पुढं न्याल तर हादऱ्यानं आणखी फाटंल. भोंगवलीला यष्टीनं जावा."

"उतर गं," सावळाराम म्हणाला.

बाळाबाई हलली नाही. "मी सारवलेल्या भुईनं खाल्ली व्हय हिला? बरं झालं. एवढी वर्सं मी हिच्यापुढं वाकली, आज हिनं मला रस्त्यावर आणलं. आमचं फिटलं. पर उतरीन ती भोंगवलीतच."

सावळारामानं गाडीकडे पाहिलं. प्रत्येक खड्डा तिचा लचका तोडणार होता. मग त्यानं बायकोकडे पाहिलं. दोन्ही पाय सीटवर पोटाशी घेऊन, लुगडं सावरून, नथ ताठ ठेवून ती समोर बघत होती. वर तोंड करून काही मागावं, ही तिची सवयच ओणवं होऊन सारवता सारवता मोडली होती, आणि ती मोडणारा हाच गृहस्थ.

"सोमनाथ," तो खाकरून म्हणाला, "भोकावर घालाय काय हाय का?"

गॅरेजमागे गेल्या निवडणुकीतल्या एका पडेल उमेदवाराचा पत्र्याचा फलक पडला होता. तो फळ्यांवर ठोकून सोमनाथनं आत बसवला. बाळाबाईनं हात जोडून हसणाऱ्या त्या चेहऱ्यावर पाय सोडले. निवडणुकीत पायाशी येण्याचं वचन देणारे पुष्कळ. पाळलं ते या एकानं.

पुढचा रस्ता फियाट कण्हत गेली आणि सावळाराम दात आवळून. गेनबाच्या दारात गाडी थांबली तशी आळी गोळा झाली. सुलक्षणा धावत आली, तिनं चाकांवर तांब्याभर पाणी ओतलं, आणि कुणी अडवायच्या आत बंपरवर नारळ फोडला. गोडं पाणी क्रोमवरून ओघळू लागलं. खिशातल्या फडक्याकडे सावळारामाचा हात गेला.

"वन्सं, उतरा की आता!"

"उतरते," बाळाबाई काचेतून म्हणाली, "दार उघडाय मालक येत्यात."

बंपर तसाच ठिबकत राहिला. सावळाराम वळसा घालून मागच्या दाराशी गेला, डॉक्टरांसाठी वाकायचा तसा पाऊल मागे घेऊन अदबीनं वाकला आणि त्यानं दार उघडलं. बाळाबाईनं मात्र उतरायची मुळीच घाई केली नाही.