पंचेचाळीस अंशांचं छप्पर

अख्ख्या भूम तालुक्यात छपराला पंचेचाळीस अंशांचा उतार असलेलं घर एकच होतं, आणि ते माझं होतं.

मी गावच्या विकास सोसायटीचा सचिव. कचेरीत माझ्या खुर्चीसमोर एक कॅलेंडर होतं आणि त्यावर इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यातलं तीनशे वर्षांचं जुनं घर! उभट छप्पर, विटांचं धुराडं आणि छपरातूनच बाहेर डोकावणारी चिमुकली खिडकी. दुष्काळ मी त्या हिरव्यागार चित्राकडे बघूनच काढला. पुढं घर बांधायला घेतलं तेव्हा सुनंदाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, कंपासातला कोनमापक चित्रावर ठेवून उतार मोजला. अर्ध्या अंशाची चूक नाही!

"सगळ्या गावाला सपाट माळवद, आन् आपल्यालाच ही घसरगुंडी कशाला वो?" बायको म्हणाली.

"पावसाचं पाणी झरझर निथळतं."

"कुठल्या पावसाचं?"

(मी कोनमापक पुसून कंपासात ठेवला.)

मग आला चैत्र. शेजारच्या वाशी तालुक्यातले पाहुणे सकाळच्या एसटीनं, म्हणजे नेहमीप्रमाणे संध्याकाळपर्यंत, सुनंदाचं लग्न पक्कं करायला येणार होते. बायकोला इतकी खात्री, की तिनं लग्नाच्या कुरडयांचा चीक सकाळीच शिजवला. आता वाळत कुठं घालायच्या?

"शेजारच्या माळवदावर जाते," ती म्हणाली.

"मुळीच नाही! उतारावर ऊन थेट पडतं. दुप्पट लवकर वाळतील!"

त्या चिमुकल्या खिडकीतून मी कमरेपर्यंत बाहेर आलो. (पुढं येता येईना, मागं जाता येईना. कोन मोजला होता, पोट मोजायचं राहिलं!) बायकोनं ज्यावर ओल्या कुरडया घातल्या होत्या ते धोतर कौलांवर सोडलं आणि वरची दोन टोकं धरून ओरडलो, "सुतळी आण!"

सुतळीच्या आधी पाहुणे आले. त्या दिवशी एसटीला वेळेवर यायची बुद्धी झाली होती! नवरदेवाचे वडील दारात थांबले आणि त्यांनी वर पाहिलं.

"राम राम, सचिवसाहेब!"

होणाऱ्या व्याह्यांना एका हातानं नमस्कार कसा करायचा? मी दोन्ही हात जोडले.

धोतर सुटलं. झरझर निथळलं! सगळ्या कुरडया पाहुण्यांच्या फेट्यावर, खांद्यांवर, मिशांवर. बायकोनं कपाळाला हात लावला. सुनंदा दाराआड रडायला लागली. लग्न मोडलंच!

नवरदेवाच्या वडिलांनी मिशीवरची कुरडई काढली आणि तोंडात टाकली.

"मीठ बेताचं हाय. चीक कुणी शिजवला?"

"सुनंदानं!" बायको एका दमात खोटं बोलली.

"पोरगी पसंत हाय. आन् ह्या घराचा नकाशा कुणाचा?"

बायकोनं बोट वर केलं.

"मंग लगीन आमच्या दारात. मांडव आमीच घालणार. ह्यांनी त्याला हातबी लावायचा न्हाय!"

मी खिडकीत अडकलेलाच होतो. आनंदानं ऊर भरून आला आणि मी पुन्हा हात जोडले, तशी खालची सगळी मंडळी चार पावलं मागं सरली!