सुभेदारांची तार

सुभेदार कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीवर टिचकी मारत. चहाला बोलवा, साखरपुड्याला बोलवा, चपला काढायच्या आत टिचकी ठरलेली. मग डोळे मिटून निकाल देत, "दगुड हाय. हितनं वारं जायाचं न्हाई." वारं म्हणजे वाय-फाय. उभी नोकरी फौजेत सिग्नलच्या तारा ओढण्यात गेली. निवृत्त होऊन रहिमतपुरात आले आणि घरोघरी इंटरनेटच्या तारा ओढू लागले. बिनतारी प्रकारावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "वारंच ते. आज हिकडं, उद्या तिकडं. तार कशी, धरली की हातात ऱ्हाती," असं ते म्हणत.

आमच्याकडे ते आले तेव्हा मी अगदी घायकुतीला आले होते. पुण्याच्या कंपनीनं मला तीन महिने गावाकडून काम करून बघायची परवानगी दिली होती. तेवढ्यात नेट नीट चाललं तर परवानगी कायमची, नाही तर बोजाबिस्तरा घेऊन परत पुणे. वडील गेल्यापासून आई एकटी होती आणि मला काहीही करून तिच्याजवळ राहायचं होतं. पण माझं टेबल माडीवर आणि राउटर खाली, देवघराशेजारी. मोबाइलला आली तर एखादी दांडी यायची, तीही मर्जी असेल तेव्हा. मीटिंगमध्ये तोंड उघडं असतानाच माझं चित्र थिजायचं आणि पुण्याची मंडळी निवांत माझे दात मोजत बसायची.

सुभेदारांनी घरभर टिचक्या मारल्या आणि राउटरपुढच्या पत्र्याच्या कोठीपाशी येऊन थांबले.

"वहिनी, ह्यो बघा दुश्मन."

"आवं, ज्वारी हाय त्यात!" आई घाबरली.

"ज्वारी आसू द्या न्हाईतर बाजरी. पत्रा वारं आडवतोय."

कोठी हलवायला आई काही तयार होईना. मग काय, तार! जिन्याच्या कडेकडेनं, पावलं मोजत, सुभेदारांनी ती माडीवर नेली. दर वळणावर "रिपोर्ट!" अशी आरोळी द्यायचे आणि वरून मी, खालून आईनं "ओके सर!" म्हणायचं. आई एकदा चुकून "व्हय" म्हणाली, तर तिला परत म्हणायला लावलं. शेजारीपाजारी कुंपणावरून बघत होते. इतकं हसू आमच्या घरात वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच ऐकू आलं असेल.

पासवर्ड ते कागदावर लिहून देत नसत. घरातल्या एकेकाला बाजूला घेऊन कानात सांगत. आई संध्याकाळपर्यंत विसरली, तेव्हा तिला मी परत सांगितला आणि तिनं तो कॅलेंडरवर, सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी, ठळक अक्षरात लिहून ठेवला. सुभेदारांनी ते पाहिलं मात्र, कपाळावर हात मारून घेतला. "वहिनी, तुमी सीमेवर आसता तर आमी कवाच गेलो आसतो!" त्यांनी पासवर्ड बदलला आणि नवा आईला सांगितलाच नाही. तिच्या मोबाइलमध्ये स्वतःच टाकून दिला.

तिसरा महिना संपता संपता खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं पुसायची, पुजायची आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही आपली रीत. कुणी कोयता पुजतं, कुणी मोटारसायकल. कंपनीला मात्र सुट्टी फक्त दसऱ्याची. माझा निकाल लागायची मीटिंग नवमीलाच, सकाळी अकराला होती. पावणेअकराला लॅपटॉपवर नेट दिसेना म्हणून मी खाली धावले. बघते तर पाटावर आईची विळी, सुभेदारांचा तारेला प्लग बसवायचा चिमटा, आणि मधोमध झेंडूची माळ घातलेला आमचा राउटर! आईच्या हातात ओवाळायचं ताट आणि सुभेदार इस्त्रीच्या शर्टात, हात जोडून उभे.

"काका, अकराला मीटिंग हाय माझी!"

"आज हत्याराला सुट्टी, पोरी."

मला रडूच फुटलं. "मग मला पुण्याला जावं लागंल. आईला सोडून."

आईचं ताट तसंच हवेत राहिलं. सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि एकदम ताठ झाले. "थांब! पहाऱ्यावरचा जवान काय पाटावर बसत न्हाई. त्येची पूजा जाग्यावरच!" माळेसकट राउटर उचलून त्यांनी जागेवर ठेवला, तार जोडली. पण मघाशी उपसताना तिच्या प्लगची खिट्टी मोडली होती. प्लग बसे आणि सटके, बसे आणि सटके.

"नवीन प्लग बसवा की," आई म्हणाली.

"चिमट्याची पूजा झालीया, वहिनी. त्यो काय ड्युटीवर न्हाई. त्येला आज हात लावणार न्हाई." मग मला म्हणाले, "तू वर जा. मी धरतो."

पाऊण तास मीटिंग चालली. माझं चित्र एकदाही थिजलं नाही. शेवटी साहेब म्हणाले की काम उत्तम चाललंय, आता घरूनच करत राहा. मी जिना तीन उड्यांत उतरले. सुभेदार प्लगवर अंगठा दाबून उभेच होते आणि आई पदरानं त्यांचा घाम पुसत होती.

"रिपोर्ट!" ते ओरडले.

"ओके सर!"

तेव्हा कुठं त्यांनी अंगठा काढला. त्यावर चौकोनी वळ उठला होता. तो ते पुढं आठवडाभर चौकात लोकांना दाखवत हिंडले.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे धरले आणि मुलानं त्यांना सांगलीला फ्लॅटवर नेलं. जाताना चिमटा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "नवमीला विसरू नको." मी विसरले नाही. यंदा नवमीला चिमटा पाटावर मांडला, राउटरला जागेवरच कुंकू लावलं आणि त्यांना व्हिडिओ कॉल केला. सुभेदार दिसले, "पोरी" एवढं म्हणाले आणि तोंड उघडं ठेवून थिजले. तीनदा लावला, तीनदा तेच. मुलाच्या घरी सगळं वाऱ्यावर! मी पोट धरून हसले आणि मग लक्षात आलं की डोळ्यांतून पाणी येतंय. वर्षभर आमच्या भिंतीवर कुणी टिचकी मारली नव्हती.

दसरा होऊ दिला. शनिवारी पहाटेच्या एसटीनं सांगली गाठली. पिशवीत आईचे धपाटे, वीस मीटर तार आणि चिमटा. दार सुभेदारांनीच उघडलं, काठी टेकत. मी चपला काढल्या नाहीत. आधी भिंतीवर टिचकी मारली आणि डोळे मिटले.

"काँक्रीट हाय, काका. हितनं वारं जायाचं न्हाई."

त्यांचा चेहरा बघतच राहावा, इतके ते खूश झाले होते. मी घसा साफ केला आणि सगळी इमारत दणाणेल अशी आरोळी ठोकली, "रिपोर्ट!"

सुभेदारांनी काठी भिंतीला टेकवली, होतील तेवढे ताठ झाले आणि म्हणाले, "ओके सर!"