आठवा खडा

काहिलीत बसून पाण्यावर जाता येतं, हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. काहील म्हणजे गुऱ्हाळातली, उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई. गोल, बसक्या बुडाची, तीन-चार माणसं मांडी घालून बसतील एवढी. मुळा नदीवर धरण झालं, पाणी आमच्या शिवारात शिरलं, तेव्हा नाव कुणाकडे होती? राहुरीकडच्या आम्हा लोकांनी काहिलीच पाण्यात लोटल्या. ती नावेसारखी सरळ जात नाही. एका बाजूने वल्हं मारलं की जागच्या जागी गरगर फिरते आणि नवा माणूस डोळे मिटून कड धरतो. वल्हं पुढ्यात टाकून आपल्याकडे ओढायचं असतं. हे मला माझ्या दोस्ताने शिकवलं. पुढे त्याच माणसाने माझा गळा कापला, म्हणून त्याचे उपकार आधीच सांगून मोकळा होतो.

आम्ही दोघं एका पाटीवर शिकलेले. तो चौथीत शाळेतून सुटला, मी मॅट्रिक झालो, एवढाच फरक. तो डावखुरा होता. घायपाताचा दोर वळायला बसला की पीळ उलटा पडायचा. पाणवठ्यावर एखाद्या बाईच्या हाती तो दोर आला की ती म्हणायची, "ह्यो सासूवानी उलटा चालतोय, त्याचाच दिसतोय." दोर मात्र मजबूत. आमच्या काहिलींना तोच लागे.

पाणी चढत गेलं तशी आमच्या गायरानातल्या टेकड्यांची बेटं झाली. बहुतेक बेटं म्हणजे पाण्यावर आलेले चार खडक. एक मात्र मोठं होतं, बोरीची झुडपं आणि गवत असलेलं, आणि त्यावर सात हरणं अडकली होती. पाण्याला घाबरून वर वर पळाली आणि वरच राहिली. एकदा नगरच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे एक सर पक्षी बघायला काठावर आले. आम्ही त्यांना काहिलीत घालून तिकडे नेलं. ती हरणं पाहून सर लहान मुलासारखे पोटावर पालथे पडले आणि तासभर उठले नाहीत. चिंकारा, असं नाव त्यांनी सांगितलं. आम्ही आपले हरीणच म्हणत होतो.

जाताना त्यांनी मला एक काम दिलं. दर महिन्याला हरणं मोजायची आणि पत्राने कळवायचं. "पुढच्या मार्गशीर्षात मी विद्यार्थी घेऊन येतो," ते म्हणाले. "त्यांनी नीट नोंदी केल्या की जंगलखात्याच्या साहेबांपुढे ठेवता येतील. पाणी खूप उतरलं तर हे बेट जमिनीला लागेल. त्याआधी तिथे रखवालदार बसला पाहिजे, नाहीतर कुत्री आणि माणसं एकही ठेवणार नाहीत." मी मान डोलावली. मॅट्रिक होऊन दोन वर्षं मला कुणी काहीच काम सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे जित्राब बोटाने मोजत नाहीत. मोजलं की घटतं, म्हणतात. मेंढपाळ कळप वाड्यात घेताना एकेका मेंढरामागे एकेक खडा खिशात टाकतो आणि मग खडे मोजतो. खड्यांना काही दृष्ट लागत नाही. आम्ही हरणांचंही तसंच केलं. सरांना कळवलं तर त्यांचं उलट पत्र आलं की पद्धत उत्तम आहे, चालू ठेवा. खोटा खडा आणणारा माणूस आमच्याकडे कुणी ऐकलेला नव्हता. चोऱ्या होत, मारामाऱ्या होत, बांध कोरले जात, पण खडा खोटा नसे.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. ऊस उभा वाळला, गुऱ्हाळं बंद पडली, काहिली मागेल त्याला मिळू लागल्या. घराघरांत रेशनवरच्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या, मिलोच्या भाकरी. मला वांबोरीकडे रस्त्याच्या दुष्काळी कामावर हजेरी मांडायची नोकरी लागली आणि मी तिकडेच राहू लागलो, आठवडे बाजाराला तेवढा घरी यायचो. दोस्ताला म्हटलं, हरणांचं आता तूच बघ. तो म्हणाला, "तू बिनघोर जा. म्या हाय न्हवं."

महिन्यातल्या एका बाजाराला तो माझ्या ओंजळीत खडे ओतायचा. सात. पुढच्या महिन्याला सात. ज्येष्ठात आठ दिले आणि डोळा मारला.

"आरं, आठ कसं?"

"पाडस झालंय. कालच्यालाच बघितलं."

मला इतका आनंद झाला की मी त्याला तिथे बाजारात भेळ खाऊ घातली. सरांना दोन पानी पत्र लिहिलं. पाडसाचे कान अंगापेक्षा मोठे आहेत, ते आईच्या मागे अडखळत चालतं, मध्येच बसतं, आई थांबून मागे बघते. यातलं एक अक्षर त्याने मला सांगितलं नव्हतं. मीच माझ्या मनाने लिहिलं, आणि असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटावं मी तिथेच उभा होतो. लिहिण्याची खाज मला तेव्हापासूनची.

मार्गशीर्षात ठरल्याप्रमाणे सर आले. बरोबर दोन विद्यार्थी: एक उंच मुलगा, गळ्यात दुर्बीण, आणि पाचवारी घट्ट खोचलेली एक मुलगी, हातात वही. सकाळी आठाला आम्ही दोन काहिली लोटल्या. एकीत सर आणि मी, दुसरीत दोघं विद्यार्थी आणि दोस्त. वाऱ्याने काहिली फाकू नयेत म्हणून मध्ये दोर बांधला. पाणी खूप खाली गेलं होतं. कडेची बेटं जमिनीला लागली होती, पण हरणांचं बेट मधोमध, खोल पाण्यात, अजून शाबूत होतं. ते बघूनच मला हायसं वाटलं.

ती सकाळ सुंदर होती हे आता सांगायलाही जिवावर येतं, पण होती. पाण्यात बुडून मेलेल्या बाभळींचे शेंडे वर आले होते आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. चक्रवाकांची जोडी आमच्या अंगावरून ओरडत गेली. मुलगी वहीत लिहीत होती, मुलगा तिला आकडे सांगत होता. पहिल्या खडकावर एक घोरपड ऊन खात पडली होती. ती सुळकन पाण्यात उतरली आणि सर मोठ्याने हसले.

दोस्त त्या दिवशी फार बोलत होता. एरवी त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढणं. आज पोरांना वल्हं मारायला शिकवत होता, काहील गरगर फिरवून त्यांना घाबरवत होता, प्रत्येक खडकाची गोष्ट सांगत होता. मोठ्या बेटाकडे वळू म्हटलं की त्याचं आपलं दुसरंच. "आत्ता न्हाई. ह्या वक्ताला ती झाडीत बसत्यात. आदी ती तिकडची पाखरं दावू." पाखरं झाली. मग म्हणाला, जेवून घ्या. जेवलो. मग म्हणाला, वारं उलटं हाय, आपला वास जाईल. सर त्याच्या ज्ञानावर खूष झाले आणि मी अभिमानाने फुगलो. बैल होतो मी.

दुपार कलल्यावर शेवटी बेटाला लागलो. मी सगळ्यांना ओठांवर बोट ठेवायला सांगितलं. ओणवे होऊन चढलो. अर्धा तास बसलो, मग उठलो, मग बेटाला वेढा घालून चाललो. एक मोर उडाला. दोन ससे पळाले. बाकी काही नाही. सर एका जागी थांबले आणि खाली वाकले.

"गवत गुडघाभर आहे," ते म्हणाले.

"व्हय सर, हितं पाणी जवळ हाय ना," दोस्त म्हणाला.

"तसं नव्हे. आठ जनावरं असती तर एवढं गवत राहिलं नसतं." त्यांनी लेंड्या उचलून चुरगळल्या. जुन्या होत्या, भुकटी झाली.

तेवढ्यात मुलीने हाक मारली. बोरीच्या बुंध्याशी, गवतात, एक फास बांधलेला होता. त्याला थोडे पिंगट केस चिकटलेले होते. पुढे आणखी एक सापडला. तिसऱ्याजवळ तीन दगडांची चूल आणि राख.

मी तो फास हातात घेतला. घायपाताचा दोर. पीळ उलटा.

मी दोस्ताकडे बघितलं. तो धरणाकडे बघत उभा होता, हात मागे बांधून. मला तिथेच ओरडायचं होतं की सर, हा बघा चोर, याच दोराने आपल्या काहिली बांधल्यात, जाऊन पीळ बघा. तोंड उघडलंही. पण सर सरळ जंगलखात्यात जाणार, खात्याची माणसं त्याला नेणार, आणि त्याच्या घरात तीन लेकरं. मी फास हातातून खाली सोडला. म्हणालो, "दुसऱ्या गावची माणसं आली असतील, सर." हे बोलताना मला त्याचा जेवढा राग आला, तेवढा नंतरही कधी आला नाही. फसवलं त्याने, आणि खोटं बोलायची पाळी माझ्यावर.

परत येताना दोन काहिलींमधला दोर सारखा ताणलेला होता. काठाला लागल्यावर सरांनी चप्पल घातली, पिशवी घेतली. ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"तुमची सगळी पत्रं मी ठेवली आहेत," ते म्हणाले. "गेल्या महिन्यातही आठ लिहिलंत. पाडसाचं तर फार सुरेख वर्णन होतं. तुम्ही स्वतः पाहिलं होतंत ना ते?"

मी वाकून दोन काहिलींमधल्या दोराची गाठ सोडायला लागलो. ते मुलांना घेऊन एस्टीच्या रस्त्याला लागले. मुलीने एकदा वळून बघितलं.

दोस्त काहील पालथी घालत होता. मी त्याची गचांडी धरली. तो सुटायची धडपड करत नाही हे बघून अजूनच डोकं फिरलं.

"कवापास्नं?"

"चैतापास्नं. आखाड सरंस्तवर सपलं सगळं."

"अन् ज्येष्ठातलं पाडस?"

"तू लई खूश व्हायचास खडं बघून. म्हनलं आजूक एक टाकू." लाजही वाटत नव्हती त्याला. "आन् पार खोटं बी न्हवतं, एक मादी गाभन हुती. कापल्यावर कळलं."

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याने खाऊन घेतली.

"मला सांगायचं हुतंस की. म्या काय परका हाय का?"

"सांगितलं आसतं तर तू सरांला लिवलं आसतंस. तुला काय, हजेरी मांडायची, पगार. गावात पोरं भुकंनं रडत हुती. येकट्यानं न्हाई खाल्लं म्या, घरटी वाटा पोचिवला."

"घरटी?"

त्याने माझा हात हळूच गळ्यावरून काढला आणि म्हणाला, "घरी जा. आयला इचार."

घरी आई चुलीपुढे होती. मी उभ्यानेच विचारलं की आखाडात त्याच्याकडून काय आलं होतं. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"कालवन आलं हुतं. दोनदा."

आठवलं मला. बाजारासाठी घरी आलो होतो. त्याने आखाडाचा बकरा कापला, असं ती म्हणाली होती. किती महिन्यांनी घरात तसा वास आला होता. मी तीन भाकरी कुस्करून खाल्ल्या, वाटी बोटाने पुसून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्याला म्हणालो होतो, लेका, बकरा झकास होता. तो हसला होता.

"तुला ठावं हुतं?"

"समद्या गावाला ठावं हुतं," आई म्हणाली. "तुला सांगितलं आसतं तर तू खाल्लं नसतंस. हाडं दिसत हुती तुझी. बस आता."

मी तिला काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही. ती सगळं ऐकून भाकऱ्या थापत राहिली. शेवटी मी बसलो. दिवसभर वल्हं मारून भूक लागली होती.

आठ दिवसांनी सरांचं कार्ड आलं. दोनच ओळी होत्या: जे झालं ते खरंखरं कळवा, रागावणार नाही. मी तीनदा कागद पुढे घेतला. दोस्ताचं नाव लिहायला माझा हात मागे नव्हता, तेवढी आग अंगात होती. पण त्याचं लिहिलं की घरोघरच्या वाट्यांचं लिहावं लागणार, मग आईचं, आणि तिच्याखाली माझं. कार्ड मी पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलं. त्याला उत्तर दिलं नाही.