न विचारता लिहिलेलं 'नाही'

"पुन्हा टोचायचं?" मी विचारलं.

"पुन्हा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

अकरा दिवसांचं पोरगं. टाचेतून रक्त काढलं की बाकीची बाळं पाच-दहा मिनिटं रडतात, मग निवतात. हे तासभर थांबायचं नाही. अंग ताठ, मुठी आवळलेल्या. इन्फेक्शनची शंका होती, म्हणून रोज रक्त. रिपोर्ट नॉर्मल यायचा, पण रडणं तसंच, म्हणून दुसऱ्या दिवशी परत.

मी संगमनेरला बाळांच्या दवाखान्यात आया आहे. माझं गाव लांब, गडचिरोलीकडे. आठवीत शाळा सुटली. मॅडमनी हाताला धरून फॉर्म भरायला शिकवलं, म्हणून चार घास मिळतात. पण त्यांनी हाक मारली की अजून छातीत धस्स होतं.

बाळाची आई कांता, पाथर्डीकडची. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. सासू सतत उशाशी. त्या दिवशी सासू अंघोळीला गेली आणि कांतानं माझा हात धरला.

"ताई, कोनाला बोलू नका. तोडीला पाठ मोडायची. पहाटं परत फडात. आमचे मालक, ह्याचा बा, म्हनायचे, घे घोटभर, झोप लागंल. रोजच."

"पोटात बाळ असताना?"

"सातव्या म्हैन्यापत्तोर. त्यानंच व्हतंय का वो हे?"

फॉर्मवर दारूचा रकाना असतो. बाईच्या फॉर्मवर तिथं आम्ही न विचारताच 'नाही' लिहितो. बाईला असं विचारायचं कसं, तेही सासूसमोर? कांताच्या फॉर्मवरचं 'नाही' माझ्या अक्षरातलं होतं.

नोकरी गेली असं धरूनच मी मॅडमना सांगितलं.

"सहा दिवस टोचतोय आपण त्याला," त्या एवढंच म्हणाल्या. मग बसवून समजावलं. सुई लागली की शरीर कॉर्टिसोल नावाचं हार्मोन सोडतं. धोक्याची घंटाच ती. धोका गेला की थांबते. पोटात दारू पोचलेल्या काही बाळांत ती घंटा बिघडते. कुणाची थांबत नाही, कुणाची नीट वाजतच नाही. "याचं त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण उगाच टोचणं बंद."

फॉर्मवर 'हो' झालं. दिवे मंद केले. बाळाला कांताच्या उघड्या छातीवर ठेवलं. त्यानंतर चौथ्या दिवशी लस दिली, तर पोरगं पंधरा मिनिटांत गप.

"थांबला बघा, ताई! गुनी हाय माजा," कांता पहिल्यांदा हसली.

सुट्टी झाली. कांताचा दीर शिकलेला. त्यानं दवाखान्याच्या पायरीवरच फाईल वाचून दाखवली, दारूच्या 'हो'सकट.

"माज्या नातवाला पोटातच दारू पाजली व्हय गं?" सासूनं बाळ ओढून घेतलं. "जा तुज्या आईकडं. पोरगं आमचं हाय."

"आजी, ते तिच्याच छातीवर गप होतं हो," मी म्हणाले.

"तू आया हायेस, आयावानी ऱ्हा."

नवरा चपलेकडं बघत उभा होता. पेला कोण पुढं करायचं, ते त्याला माहीत होतं. मलाही. मी बाळाची पिशवी जीपमध्ये ठेवली.

मॅडम खाली येईपर्यंत जीप निघाली. आतून रडणं ऐकू येत होतं. कांता पायरीवर बसून राहिली. दुधानं तिचं पोलकं ओलं झालं होतं. नंतर मॅडमनी तिच्या सासरी कितीदा फोन लावला. कुणी उचलला नाही.

आता मी आधी सासूला चहाला पाठवते, मग बाईला दारूचं विचारते. उत्तर दवाखान्याच्या कागदावर राहतं, घरी जाणाऱ्या फाईलीत जात नाही. आणि एक रकाना मी हातानं वाढवलाय. 'दारू दिली कुणी?'