जीपमधली झोप

तिला सगळे गादीवाली म्हणत. गाड्यांच्या सीटा नव्याने मढवायचं तिचं दुकान होतं; भिंतीला टेकवलेले रेक्झीनचे तागे, फोमचे ढीग आणि मधोमध दणकट शिलाई मशीन. नवरा बेकरीत भट्टीवर. तो रात्रपाळी करून पिठाने माखलेला घरी यायचा, तेव्हा ती दुकान उघडायला निघालेली असायची. आमचा संसार पाळीपाळीने चालतो, असं ती हसून सांगायची.

बाबा दिवसा झोपतात म्हणून दोन्ही मुली लहानपणापासून कुजबुजतच बोलायच्या. भांडायच्यासुद्धा कुजबुजत. एकदा शाळेतल्या बाईंनी गादीवालीला बोलावून घेतलं आणि थोरलीच्या घशाला काही त्रास आहे का, असं विचारलं. पोरीला उत्तरं येतात, पण ती कोणाला ऐकू जात नाहीत. त्या दिवशी गादीवालीचं कामात लक्ष लागलं नाही.

त्याच सुमारास तिच्याकडे एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप सीटांसाठी आली होती. मालकाचं मन त्या गाडीवरून उडालेलं. भंगारात घालतो म्हणाला, तेव्हा हिनेच ती ठेवून घेतली. नवऱ्याने कपाळाला हात लावला. पण तिचं म्हणणं सरळ होतं: हॉटेलं आपल्याला परवडत नाहीत, स्वतःच्या गाडीत झोपायचं भाडं कोण मागणार? ओळखीच्या मेकॅनिकने चारही चाकांना जोर देणारा, फोर-व्हीलचा अडकलेला दांडा मोकळा करून दिला. बदल्यात तिने त्याच्या टॅक्सीच्या सीटा शिवून दिल्या.

मागची सीट काढून तिने प्लायवूडची फळी बसवली, खाली स्टोव्ह आणि भांड्यांसाठी खण केले. फळी इतकी उंच झाली की उठून बसलं की डोकं टपाला आपटायचं. धाकटीला टेंगूळ आलं, तेव्हा सगळं उचकटून फळीचे पाय कापावे लागले. गाद्या उरल्यासुरल्या फोमच्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. ट्रकची जुनी ताडपत्री कापून सावलीसाठी छत केलं. खिडक्यांच्या मच्छरदाणीच्या दुमडीत तिने लोहचुंबक शिवले, म्हणजे जाळी पत्र्याला आपोआप चिकटे. तिघांची झोपायची सोय मागे, धाकटीची पुढच्या दोन सीटांवर आडवी फळी टाकून.

नवऱ्याने सुटी काढली आणि ते नदीकाठी गेले. वाळूत चाकं रुतायला लागली, तेव्हा त्याने दांडा ओढला आणि जीप गुरगुरत बाहेर आली. त्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा खुलला.

पण रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. अंगाला सवय रात्री पीठ मळायची. सकाळी तो बाहेर पाण्याच्या कॅनवर डोळे चोळत बसलेला दिसला, आणि गादीवालीला वाटलं, सगळी मेहनत वाया गेली. चहा पिऊन तो ताडपत्रीखाली आडवा झाला. मुलींनी लगेच आवाज खाली आणला.

"मोठ्याने बोला गं," तो डोळे मिटूनच म्हणाला. "भट्टीच्या घरघरत्या पंख्याखाली मी उभ्याउभ्या डुलक्या काढतो. तुमच्या बोलण्याने काय जाग येणार?"

थोरली बघतच राहिली. "मग घरी आम्हाला गप्प का बसवता?"

"मी कधी बसवलं?"

दोघींनी आईकडे पाहिलं. खरं होतं, बोट ओठांवर ठेवणारी तीच होती. नवऱ्याची झोप मोडू नये एवढाच तिचा हेतू होता, आणि त्याला विचारायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"ओरडा," ती म्हणाली. "पाहिजे तेवढं."

आधी दोघी बिचकल्या. मग धाकटीने नदीपलीकडच्या टेकडीला हाक मारली, थोरलीने त्यावर कडी केली. आपल्या पोरीचा आवाज एवढा खणखणीत आहे, हे आईला त्या दिवशी कळलं. बाप मात्र ढाराढूर घोरत होता.

परतल्यावर त्याने बेकरीच्या मालकाकडून महिन्यातून एकदा सलग दोन रात्रींची सुटी मागून घेतली. मालकाने कुरकुर करत का होईना, दिली. दुसऱ्या खेपेला तो थोडा तरी झोपला. तिसऱ्या खेपेला उन्हं जीपच्या काचांवर आली तरी चौघंही गाढ झोपेत होते, आणि चहा ठेवायला कोणी उठलंच नव्हतं.